शब्दांची कुळकथा : ॲटलास

‘ॲटलास’ म्हटले की आज शाळकरी मुलाला नकाशांचे मोठे पुस्तक आठवते. त्याच्या आजोबांना कदाचित १९५१ पासून सोनिपतच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली त्याच नावाची सायकल आठवेल. घरात कोणी अस्थिरोगतज्ज्ञ असेल, तर त्याच्या मनात मानेतील पहिल्या मणक्याचे चित्र उभे राहील. आणि कापडाच्या पेढीवर उमेदीची वर्षे घालवलेल्या वडीलधाऱ्यांच्या कानांना हा शब्द ‘अतलस’ असा ऐकू येऊन, डोळ्यांपुढे एखादा गुळगुळीत, चमकदार रेशमी ताका उलगडेल. पुस्तक, सायकल, हाड आणि कापड ! एका उच्चाराभोवती इतक्या भिन्न वस्तू कशा गोळा झाल्या, त्यांतील सगोत्र कोण आणि केवळ नामसदृश कोण, याचा शोध मोठा उद्बोधक आहे. त्या शोधाची एक वाट थेट बाजारपेठेतील तराजूपाशी येऊन थांबते.

ॲटलास हे मुळात ग्रीक पुराणकथांतील एका पात्राचे नाव. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिअड या कवीने त्याची हकीकत सांगितली आहे. टायटन नावाच्या जुन्या देवकुळाचे झ्यूसप्रमुख नव्या देवांशी दहा वर्षे युद्ध झाले. त्यात टायटनांचा पराभव झाला. बहुतेक टायटनांना पाताळातील अंधारात कोंडण्यात आले, परंतु ॲटलासला निराळे शासन मिळाले. पृथ्वीच्या पश्चिम टोकाला उभे राहून मस्तकाने व हातांनी त्याने आकाश कायमचे पेलून धरावे, असा झ्यूसचा आदेश होता.

या कथेचा एक पुढचा भाग फार बोलका आहे. हेराक्लीझ, म्हणजेच हर्क्युलिस, सोन्याच्या सफरचंदांच्या शोधात ॲटलासकडे आला. फळे आणून देण्याचे ॲटलासने कबूल केले, तोवर आकाशाचा भार हेराक्लीझने घ्यायचा असे ठरले. फळे घेऊन परतल्यावर मात्र ॲटलासला पुन्हा भाराखाली जाण्याची इच्छा होईना. फळे आपणच पोचती करतो, असे तो म्हणू लागला. हेराक्लीझने वाद घातला नाही. “डोक्यावर चुंबळ ठेवून घेतो, तेवढा वेळ हा भार धर,” इतकेच तो म्हणाला. भोळ्या ॲटलासने हातातील फळे खाली ठेवली आणि आकाश पुन्हा डोक्यावर घेतले. हेराक्लीझ फळे उचलून चालता झाला. अंगात अपार बळ असलेला हा पुरुष चुंबळीच्या निमित्ताने कायमचा फसला.

या कथेविषयीचा एक रूढ गैरसमज येथेच दूर केलेला बरा. ॲटलासच्या खांद्यावर पृथ्वी आहे, असे चित्र सर्वत्र दिसते. मूळ कथेत त्याच्यावर आकाशाचा भार आहे. इटलीतील नेपल्सच्या संग्रहालयात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक संगमरवरी ॲटलास आहे. त्याच्या पाठीवरील गोलावर देशांच्या सीमा नाहीत. तेथे तारकासमूहांच्या आकृती कोरलेल्या आहेत. गोल दिसला की ती पृथ्वीच असावी, हा नंतरच्या काळातील दृष्टिभ्रम होय. ॲटलासचे नाव नकाशांच्या पुस्तकांना मिळाल्यावर तो अधिकच पक्का झाला.

पुढे या पात्राचा पर्वत झाला. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेनुसार ॲटलास हा पश्चिमेकडील एक राजा होता. आपल्या बागेतील सोन्याची फळे कोणी चोरून नेईल, या भयाने त्याने पर्सिअस या वीराला आसरा नाकारला. तेव्हा पर्सिअसने मेड्यूसाचे मुंडके त्याच्यासमोर धरले आणि राजा जागच्या जागी दगडाचा डोंगर झाला. मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया या देशांतून गेलेली पर्वतरांग आजही ॲटलास याच नावाने ओळखली जाते. तिचे सर्वोच्च शिखर, तुबकाल, ४,१६७ मीटर उंच आहे. ओव्हिडच्या कितीतरी आधी, इ. स. पूर्व पाचव्या शतकात, इतिहासकार हेरॉडोटसने ॲटलास पर्वताविषयी लिहिले की त्याचे शिखर सदैव ढगांत असते आणि तेथील लोक त्याला आकाशाचा खांब म्हणतात. त्याच हेरॉडोटसने पश्चिमेकडील समुद्राला ‘ॲटलासचा समुद्र’ म्हटले. अटलांटिक महासागर हे नाव त्यातूनच आले.

आता प्रश्न उरतो तो पुस्तकाचा. शिक्षा भोगणाऱ्या बलदंड पुरुषाचे नाव विद्येच्या ग्रंथाला कसे मिळाले ? याचे उत्तर बेल्जियममधील शेल्ट नदीच्या काठी मिळते. हिऱ्यांच्या व्यापारामुळे ज्या अँटवर्प शहराशी अनेक जैन कुटुंबांचे घरोब्याचे नाते जडले आहे, त्या शहराजवळच, त्याच नदीवर, रुपेलमोंड नावाचे गाव आहे. तेथे १५१२ मध्ये जेरार्ड मर्केटरचा जन्म झाला. समुद्रप्रवासाला उपयुक्त ठरणारा त्याचा जगाचा नकाशा १५६९ चा. पुढच्याच वर्षी, १५७० मध्ये, त्याचा स्नेही अब्राहम ऑर्टेलियस याने अँटवर्प येथे एकाच आकाराच्या नकाशांचा सुसंगत संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. आधुनिक अर्थाने पहिला ॲटलास तोच. परंतु त्याचे नाव ॲटलास नव्हते. ऑर्टेलियसने त्याला ‘भूमंडलाचे नाट्यगृह’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. त्या काळी अशा संग्रहांना कोणी ‘नाट्यगृह’, तर कोणी ‘आरसा’ म्हणे.

मर्केटरचा संकल्प याहून मोठा होता. विश्वाची उत्पत्ती, आकाश, पृथ्वी, प्राचीन व अर्वाचीन इतिहास या सर्वांचे दर्शन घडवणारा ग्रंथ त्याला रचायचा होता. त्याचे आयुष्य सुखासीन नव्हते. १५४४ मध्ये धर्मविरोधी मते बाळगल्याच्या आरोपावरून त्याने सुमारे सात महिने कैदेत काढले होते. ग्रंथाचे काही भाग १५८५ व १५८९ मध्ये निघाले. १५९४ मध्ये मर्केटर वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा रुमोल्ड याने उरलेल्या भागासह तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातील पहिला शब्द होता ‘ॲटलास’. नकाशांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हा शब्द नाव म्हणून प्रथमच आला.

मर्केटरने कोणता ॲटलास निवडला, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या प्रस्तावनेतील ॲटलास हा शापित टायटन नाही. तो आहे उत्तर आफ्रिकेतील मॉरिटेनियाचा पुराणकालीन राजा : तत्त्वज्ञान, गणित आणि ज्योतिष यांत पारंगत, आकाशाचा गोल प्रथम तयार करणारा म्हणून कीर्ती पावलेला. ही परंपराही जुनीच. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील डायोडोरस या इतिहासकाराने ॲटलासचे वर्णन ज्योतिर्विद असे केले असून, आकाशगोलाचे ज्ञान त्याला होते म्हणून तो आकाश वाहतो अशी कथा रूढ झाली, असा उलगडा केला आहे. मर्केटरच्या ग्रंथाच्या मुखचित्रातही हा पुरुष ओझ्याखाली वाकलेला नाही. तो शांतपणे बसला असून गोल त्याच्या हातांत आहे. म्हणजे ज्याचा भार वाहायचा, तेच जाणून घेण्याचा विषय करणाऱ्या माणसाचे नाव मर्केटरने आपल्या ग्रंथाला दिले.

हे नाव रूढ केले ते मात्र व्यापाऱ्यांनी. १६०४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या योडोकस होंडियसने मर्केटरचे कोरीव तांब्याचे पत्रे विकत घेतले, त्यांत नव्या नकाशांची भर घातली आणि १६०६ मध्ये नवी आवृत्ती काढली. तिला मोठी मागणी आली. त्याच शहरातील ब्लाउ घराण्याने १६६२ पासून ‘महाॲटलास’ प्रसिद्ध केला. लॅटिन भाषेतील त्याचे अकरा खंड आणि जवळजवळ सहाशे नकाशे म्हणजे त्या शतकातील अतिशय महागड्या मुद्रित ग्रंथांपैकी एक होता. याच घराण्यातील विल्यम ब्लाउ १६३३ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकृत नकाशाकार होता. मिरी, लवंग, जायफळ यांच्या व्यापाराला अचूक नकाशा हवा होता आणि नकाशाच्या कलेला त्या व्यापाराचा पैसा. या देवघेवीत ‘ॲटलास’ हे विशेषनाम हळूहळू सामान्यनाम झाले. आज शरीररचनेचा ॲटलास असतो, पक्ष्यांचा असतो, बोलीभाषांचाही असतो. भारतात राष्ट्रीय ॲटलास सिद्ध करण्यासाठी १९५६ मध्ये कलकत्त्यात स्वतंत्र संस्था स्थापन झाली. भूगोलतज्ज्ञ एस. पी. चॅटर्जी तिचे संस्थापक, आणि तिचा पहिला राष्ट्रीय ॲटलास १९५७ मध्ये हिंदीतून निघाला.

मूळचा भारवाहक मात्र नकाशांबाहेर आपले काम करीतच राहिला. मानेच्या सात मणक्यांतील सर्वांत वरचा मणका डोक्याचा गोल पेलतो, म्हणून वैद्यकशास्त्राने त्याला ॲटलास म्हटले. इतर मणक्यांसारखा भरीव गाभा त्याला नसतो, तो कड्यासारखा असतो. होकारार्थी मान हलते ती कवटी व हा मणका यांच्यातील सांध्यातून. नकारार्थी मान वळते ती हा मणका आणि त्याखालचा दुसरा मणका यांच्यातील सांध्यातून. मनुष्याच्या ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही खुणांना आधार देणारे हाड हे आहे.

वास्तुकलेतही तो आहे. छताचा भार डोक्यावर वा खांद्यावर घेतलेल्या पुरुषाकृती स्तंभांना याच नावाचे ग्रीक अनेकवचन लाभले. सिसिलीतील अग्रिजेंतो येथे इ. स. पूर्व पाचव्या शतकातील झ्यूसच्या मंदिराला असे सुमारे साडेसात मीटर उंचीचे पुरुष होते. गांधार शिल्पांत स्तूपांच्या पायथ्याशी पंख असलेले ॲटलास बसलेले दिसतात. ग्रीक कल्पना भारताच्या वायव्य सीमेपर्यंत आल्याची ती साक्ष होय. तथापि भार वाहणाऱ्या आकृती भारताला नव्या नव्हत्या. सांचीच्या पश्चिम तोरणावर ढेरपोटे बुटके तुळया पेलताना दिसतात. महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांत स्तंभाच्या शिरावर हात वर करून बसलेल्या अशाच आकृतींना ‘कीचक’ किंवा ‘भारवाहक’ म्हणतात.

विश्वाला कोणीतरी पेलून धरले असले पाहिजे, ही कल्पना अनेक परंपरांत आढळते. कोठे शेषाची फणा आहे, कोठे कूर्माची पाठ, कोठे टायटनाचे मस्तक. जैन लोकरचनेने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या दिशेने दिले. लोक हा अनादि-अनंत असून घनोदधि, घनवात व तनुवात या तीन वातवलयांनी वेढलेला आहे. त्याला कोणाच्याही खांद्याची आवश्यकता नाही. या रचनेचे चित्रण करण्याची हौसही मोठी होती. संग्रहणीसूत्राच्या सचित्र पोथ्या आणि पंधराव्या शतकापासूनचे अढाईद्वीपाचे कापडी पट आजही ग्रंथभांडारांत व संग्रहालयांत पाहावयास मिळतात. रंगवलेली द्वीपे, समुद्र, पर्वत आणि नद्या यांचे हे पट श्रावक मोठ्या श्रद्धेने करवून घेत. मर्केटरप्रमाणेच त्यांच्यापुढेही संपूर्ण विश्व एका दृष्टिक्षेपात आणण्याचे आव्हान होते.

ॲटलासच्या कुळातील आणखी काही सदस्य आकाशात व अरण्यात आहेत. ग्रीक कथेप्रमाणे आपल्या कृत्तिका नक्षत्रातील सात बहिणी या ॲटलासच्या कन्या. त्या तारकापुंजातील एका ताऱ्याला पित्याचे नाव दिलेले आहे. शनीच्या कड्यांजवळून फिरणारा, १९८० मध्ये व्हॉयेजर यानाच्या छायाचित्रांत सापडलेला एक लहान उपग्रहही ॲटलासच. दक्षिण व आग्नेय आशियातील अरण्यांत आढळणारा, वीतभराहून अधिक पंखविस्ताराचा भव्य पतंग याच नावाने ओळखला जातो. प्रौढावस्थेत त्याला अन्न घेण्याजोगे मुख नसते. सुरवंट असताना साठवलेल्या बळावरच तो आपले थोडे दिवस काढतो. त्याच्या कोशापासून ‘फगारा’ नावाचे रेशीम मिळते.

या रेशमाचा आणि ‘अतलस’ नावाच्या कापडाचा मात्र काही संबंध नाही. अतलस हा अरबी शब्द. त्याच्या धातूत पुसून टाकणे, गुळगुळीत करणे हा भाव आहे. ज्या विणीत ताण्याचा धागा अनेक बाण्यांवरून मोकळा जातो आणि क्वचितच खाली बुडी मारतो, त्या विणीचा पृष्ठभाग तुळतुळीत होतो व प्रकाश सलगपणे परततो. तेच अतलस, आजच्या दुकानातील सॅटिन. फारसीच्या मार्गाने हा शब्द किनखाब, मशरू यांच्या पंक्तीत मराठीतही येऊन बसला. उझबेकिस्तानातील मार्गिलानचे रंगीबेरंगी रेशीम आजही ‘खान-अतलस’ म्हणून विकले जाते. जर्मन भाषेत सॅटिनला ‘ॲटलास’ म्हणतात. रशियन भाषेत दोन्ही शब्दांचे लेखन सारखेच. आघात पहिल्या अक्षरावर दिला तर नकाशांचे पुस्तक, दुसऱ्यावर दिला तर कापड. मध्ययुगीन अरबी ज्योतिषी सर्वांत बाहेरच्या, एकही तारा नसलेल्या गोलाला ‘अतलस आकाश’ म्हणत. ग्रीक ॲटलासच्या पाठीवर ताऱ्यांनी भरलेले आकाश आहे, तर अरबी अतलस म्हणजे ज्यावर काहीही रेखाटलेले नाही ते आकाश. उच्चार एक, कुळे दोन आणि अर्थ जवळजवळ परस्परविरोधी.

ग्रीक कुळाचे मूळ शोधताना मात्र हातात अनपेक्षित धन येते. ‘ॲटलास’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषेतील पर्वतवाचक शब्दाशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. परंतु जुना व प्रचलित पक्ष असा की वाहणे, सोसणे, पेलणे या अर्थाच्या ‘त्ला’ या ग्रीक धातूपासून ते बनले. हा धातू ज्या प्राचीन मुळापासून निघाला, त्याच मुळाची संस्कृतातील शाखा म्हणजे ‘तुल्’, अर्थात उचलणे व तोलणे. तुला, तुलना, तोलणे, तोळा, अतुल हे सारे शब्द तिचेच. ग्रीकमध्ये याच मुळापासून ‘तालांतोन’ झाला. त्याचा अर्थ प्रथम तराजू, नंतर एक ठराविक वजन, अथेन्सच्या मापाने सुमारे सव्वीस किलो, आणि पुढे तेवढ्या वजनाची चांदी. बायबलमधील एका दृष्टांतात धनी आपल्या सेवकांकडे असे ‘तालांत’ सोपवून जातो. त्या कथेवरूनच ईश्वराने सोपवलेले सामर्थ्य, या अर्थाने इंग्रजीतील ‘टॅलेंट’ रूढ झाला. आपल्या मुलाचे टॅलेंट आणि सराफकट्ट्यावरील ११.६६ ग्रॅमचा तोळा ही अशी दूरची भावंडे ठरतात.

तोलण्यासाठी आधी उचलावे लागते, हे या शब्दांच्या पोटातील साधे सत्य आहे. मराठीने ते आजही जपले आहे. ‘तोलणे’ म्हणजे वजन करणे आणि ‘तोलून धरणे’ म्हणजे सावरणे, आधार देणे. अडत दुकानातील हिशेबपट्टीवर ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ या रकमा शेजारी शेजारी लिहिल्या जातात. एकात ओझे वाहणाऱ्याचे मोल आहे, दुसऱ्यात ओझे जाणणाऱ्याचे. ॲटलासच्या दोन प्रतिमा, आकाश वाहणारा टायटन आणि आकाशगोल मांडणारा राजा, याहून वेगळ्या नाहीत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितले आहे. त्यातील ‘मान’ म्हणजे पायली-पसरीसारखी मापे आणि ‘उन्मान’ म्हणजे तुला इत्यादी. ‘उन्मान’ या शब्दातही ‘उत्’, म्हणजे वर, हा उपसर्ग आहेच. घेताना एक वजन आणि देताना दुसरे, हा दोष म्हणजे केवळ ग्राहकाची फसवणूक नव्हे. जो भार आपण तोलायला हाती घेतला, त्याच्याविषयी असत्य बोलणे होय.

प्रपंचाचा आणि पेढीचा भार प्रत्येक कुटुंबात कोणीतरी वाहत असतो. तो किती आहे, कोणाचा आहे, त्यातील कोणता भाग दुसऱ्याच्या खांद्यावर देता येईल, याचा हिशेब न मांडता निमूट वाहत राहणारे कर्ते पुरुष आणि त्याहूनही अधिक संख्येने गृहिणी घरोघरी आहेत. त्यांचा गौरव करताना सहज म्हटले जाते की घर त्यांच्याच खांद्यावर उभे आहे. हा गौरव खरा असला तरी तो टायटनाचा गौरव आहे, आणि टायटनाच्या वाट्याला चुंबळसुद्धा आली नव्हती. मर्केटरला ते चित्र पुरेसे वाटले नाही. त्याच्या ॲटलासने गोल खांद्यावरून उतरवून हातांत घेतला आणि तो न्याहाळला. घरातील भारही अधूनमधून असाच खाली उतरवून, सर्वांच्या देखत तोलून पाहिला, तर त्याची वाटणी न्यायाने करता येते. शब्दाच्या मुळाशी असलेले ‘पेलणे’ आणि ‘तोलणे’ हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडले जाऊ नयेत, एवढेच या कुळकथेचे सांगणे आहे.